चोवीस हिश्शांची गाडी

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे सुटे भाग घ्यावे लागतात. काही झिजले म्हणून बदलायचे असतात. काही धडधाकट असूनही त्यांच्या जागी अधिक चांगले हवे म्हणून बदलायचे असतात. दुकानात दोन्ही एकाच काउंटरवर मिळतात आणि दोन्हींचे बिल एकाच कागदावर होते. फरक फक्त घेणाऱ्याच्या मनात असतो. पण गाडी स्वतःची नसून यतीम मुलांची असेल, तर हा फरक मनात ठेवून भागत नाही. तो वहीत लिहावा लागतो, कारण त्याचा हिशेब द्यायचा असतो. इथेही आणि तिथेही.

आमचे थोरले भाऊ २०१८ साली अल्लाहला प्यारे झाले. दापोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला हा माणूस नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलंड्स भागात आला. त्यांच्या मागोमाग आम्ही दोघे धाकटे भाऊही आलो. भाईंना आयुष्यात एकच शौक होता, तोही पस्तिशी उलटल्यावर जडलेला. २००६ मध्ये त्यांनी १९९२ ची एक लाल माझदा एमएक्स-५ घेतली. दोनच माणसे बसतील अशी, कापडी छताची, बुटकी स्पोर्ट्स कार. मागे पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, एक घर, थोडी शिल्लक आणि ही गाडी ठेवून ते गेले.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची वाटणी तिथल्या कायद्याप्रमाणे होते. शरीअतप्रमाणे वाटणी व्हावी असे वाटणारे अनेक मुस्लिम म्हणून हयातीतच तसे मृत्युपत्र करून ठेवतात. भाईंनीही केले होते, आणि त्यात आम्हा दोघांना कारभारी नेमले होते. आई-वडील आधीच गेलेले. पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे एकूण २४ भाग केले तर भाभींचे ३, मुलाचे १४ आणि मुलीचे ७. मुलगा हयात असल्याने आम्हा भावांचा हिस्सा शून्य. एका अर्थाने हे बरेच झाले. ज्याला काही मिळायचे नसते त्याला सरळ वागणे थोडे सोपे जाते.

पैशांची वाटणी बँकेत बसून होते. गाडीची कशी करणार? स्टीअरिंग मुलाचे आणि मागची दोन चाके मुलीची, असे काही म्हणता येत नाही. त्या लाल गाडीच्या प्रत्येक नट-बोल्टमध्ये तिघांचे २४ हिस्से होते. यतीमाच्या मालाला हात लावताना जो जपून वागत नाही त्याचे काय होते, हे आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. भाभींशी मशवरा करून आम्ही ठरवले की मुलगा सज्ञान होईपर्यंत गाडी जशी आहे तशी जपायची. या पहिल्या पिढीच्या गाड्यांची किंमत इतर जुन्या गाड्यांसारखी वर्षागणिक कोसळत नव्हती. त्यामुळे थांबण्यात मुलांचे नुकसान दिसत नव्हते. गाडी रस्त्यावर नाही, असे सरकारी नोंदणी खात्याला रीतसर कळवले आणि ती आमच्या कोरड्या गॅरेजमध्ये ठेवली.

वाचकांपैकी बहुतेकांनी ही गाडी पाहिली नसेल, म्हणून दोन शब्द. जपानच्या हिरोशिमातील माझदा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, आणि जपानमध्ये ती सुरुवातीला युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. साठच्या दशकातल्या छोट्या, हलक्या, उघड्या ब्रिटिश गाड्यांची मजा पुन्हा आणायची, पण त्यांच्यासारखी रोजची कटकट नको, असा तिच्या मागचा विचार होता. ही गाडी सांगताना कंपनी ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग वापरते. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन एक टनाच्या आत. भाईंच्या गाडीत १.६ लिटरचे इंजिन आहे. ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबाने काही फार नाही. तरी एप्रिल २०१६ पर्यंत सगळ्या पिढ्या मिळून अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. इतक्या गाड्या असल्या की सुटे भागही भरपूर मिळतात. भाग मिळत नाहीत ही अडचण नव्हती. फार मिळतात आणि त्यांतला कुठला घ्यावा हे कळत नाही, ही अडचण होती.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, पुतण्या अठरा वर्षांचा झाला. आठवडाभर कॉलेज, शनिवारी एका दुकानात काम. लायसन्स हातात आले त्याच आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, अब्बांची गाडी मला हवी. मी ती बनवतो.” मोबाइलमध्ये त्याची यादी तयारच होती. १७ इंची चाके, गाडी खाली बसवणारे सस्पेन्शन, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनला उघडा एअर फिल्टर आणि छोटे स्टीअरिंग.

यादीवर नंतर बोलू, असे आम्ही त्याला सांगितले. आधी गाडी कुणाची ते ठरू दे. आमच्याशी संबंध नसलेल्या दोन जाणकारांना गाडी दाखवली. बंद पडलेली, दाराखाली गंजलेली, पण मूळ स्वरूपात असलेली ही गाडी आहे त्या स्थितीत २,४०० पौंडांची आहे, असे दोघांचे मत पडले. २४ हिश्शांनी भागले की एका हिश्शाचे १०० पौंड. भाभींचे ३००, मुलाचे १,४००, मुलीचे ७००.

भाभी लगेच म्हणाल्या, “माझा हिस्सा मी पोराला बक्षीस दिला. आणि धाकटीला गाडीशी काय करायचे आहे? तिचाही त्यालाच देऊन टाका.”

“भाभी, तुमचे तुम्ही द्या, तो तुमचा हक्क आहे,” आम्ही म्हणालो. “पण धाकटीचे कुणी द्यायचे? ती चौदा वर्षांची. तिने स्वतः देते म्हटले तरी ते देणे धरले जात नाही, आणि तिच्या वतीने आम्हाला तर देताच येत नाही.”

थोडा वेळ कुणी बोलले नाही. पुतण्याचा चेहरा उतरला होता. ७०० पौंड म्हणजे त्याचे कित्येक शनिवार. पण त्याने वाद घातला नाही. तीन महिन्यांत त्याने ते पैसे बहिणीच्या खात्यात भरले. भाभींनी त्याला ३०० पौंडांचा हिस्सा दिला, आणि मुलामुलींना देताना भेद करायचा नसतो म्हणून स्वतःहून तेवढेच ३०० पौंड मुलीच्या खात्यातही ठेवले. त्या दिवशी गाडी खऱ्या अर्थाने त्याची झाली. आता त्याने स्वतःच्या पैशाने तिला हवे ते करावे. आमचे काम कारभाऱ्याचे राहिले नाही, चाचांचे राहिले. आणि चाचांना सल्ला देण्यापासून कोण अडवणार?

सल्ल्याची सुरुवात मात्र आम्ही केली नाही. ती भाईंच्या वहीने केली. गाडीच्या कागदपत्रांत सगळ्या बिलांची फाइल होती आणि तिच्यासोबत एक दोनशे पानी वही. तारीख, किती मैल झाले, काय बदलले, कुठून आणले, हे सगळे भाईंनी मराठीत लिहून ठेवले होते. पुतण्या घरात आमची बोली बोलतो, पण देवनागरी त्याला वाचता येत नाही. म्हणून तीन रविवार आम्ही आळीपाळीने त्याला ती वही वाचून दाखवली. ‘छताची पाणी जायची भोके साफ केली, पाने निघाली.’ ‘दाराखालच्या पट्टीत आतून मेण मारले.’ ‘पट्टा व पाण्याचा पंप, ७८,००० मैल, २०१३.’ ‘क्लचचा खालचा सिलिंडर गळतोय, पुढच्या पगाराला.’ वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यांचा आवाज आता नीट आठवत नाही, असे तो एकदा बोलला होता. या नोंदींत भावनेचा एक शब्द नव्हता. पण प्रत्येक ओळ संपली की तो “पुढे?” म्हणायचा.

त्या वहीवरून आम्ही तिघांनी नवी यादी केली. तीन रकाने आखले: ‘नाही केले तर जीव धोक्यात’, ‘नाही केले तर गाडी बंद’ आणि ‘केले तर मजा’. पैसे खर्चायचे ते याच क्रमाने.

पहिल्या रकान्यात सर्वांत वर गंज. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. समुद्रकाठच्या आपल्या गावांत लोखंडाचे जे होते तेच इथे मोटारींचे होते. या गाडीत आणखी एक गोष्ट असते. कापडी छतावरचे पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जाते. पाने अडकून त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचते आणि पत्रा आतून खायला लागते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, मागच्या चाकाच्या पुढे नुसता एक फुगवटा येतो. तिथे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे असे समजावे. वार्षिक तपासणीत, जिला इथे एमओटी म्हणतात, सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसते त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत भारी गंज सापडला की गाडी नापास होते. तेव्हा दोन्ही बाजूंचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणे हा पहिला खर्च होता आणि सगळ्यात मोठाही. तो दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. पण ज्या गाडीचा सांगाडाच खिळखिळा आहे तिला नवी चाके लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या घराला रंग काढण्यासारखे.

दुसरी गोष्ट टायर. जुन्या टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती. पुतण्या म्हणाला, हे तर नवेच आहेत. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. इथे होते ३२१२, म्हणजे २०१२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातले. रबर नुसते धावून झिजत नाही, उभ्या उभ्याही कडक होते. ओल्या रस्त्यावर असे टायर पकड सोडतात, आणि मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी तेव्हा गर्रकन फिरते. मूळ मापाचे, १८५/६० आर १४ चे, चार नवे टायर घेतले. हीच खूण आपल्या स्कूटरच्या किंवा रिक्षाच्या टायरवरही पाहता येते. वाचकांनी आजच घरच्या गाडीचे टायर पाहावेत.

तिसरी गोष्ट ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. सात वर्षे उभ्या गाडीत ते निकामी झालेले असते आणि आतून गंजही धरवते. तेल, चारही रबरी नळ्या आणि मागचे जाम झालेले कॅलिपर बदलणे भाग होते. चौथी गोष्ट सीटबेल्ट. पट्ट्याच्या कडा विरल्या होत्या आणि एका बाजूचा पट्टा झटका दिला तरी अडकत नव्हता. या गाडीत एअरबॅग नाही. अपघातात माणसाला धरून ठेवणारी वस्तू ही एवढीच. दोन्ही नवे घेतले. इंग्लंडात चालक उजवीकडे बसतो. डावीकडच्या सीटवर पहिल्यांदा कोण बसणार हे घरात ठरून गेले होते, त्याची बहीण. त्यामुळे या खर्चावर त्याने घासाघीस केली नाही.

दुसऱ्या रकान्यात टायमिंग बेल्ट होता. इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागाची चाल जुळवणारा हा दातेरी पट्टा ६०,००० मैलांनी बदलायचा असतो. वहीप्रमाणे त्यावर जेमतेम ६,००० मैल झाले होते, पण वर्षे झाली होती बारा. रबराला मैल आणि वर्षे दोन्ही मोजावी लागतात. पट्टा काढल्याशिवाय पाण्याचा पंप निघत नाही. म्हणून पट्टा, पंप आणि तिथली तेलाची सीले एकदमच बदलली. मजुरी एकदाच पडते.

बॅटरीचीही एक गंमत आहे. या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते. तिच्यातून निघणारा वायू बारीक नळीने बाहेर सोडावा लागतो. बाजारात याच मापाची, निम्म्या किमतीची साधी बॅटरी मिळते. ती बसते आणि गाडी चालूही होते. पण नळी जोडायची सोयच नसेल तर वायू डिकीत कोंडतो आणि आम्लाच्या वाफेने पत्रा खाऊन टाकतो. मापात बसणारा भाग आणि योग्य भाग यांतला फरक पुतण्याला कळला तो या बॅटरीवरून.

सुटे भाग चार तऱ्हांचे मिळतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या बाजारात ज्यांनी फेरी मारली असेल त्यांना ‘ओरिजिनल’, ‘लोकल’, ‘डुप्लिकेट’ आणि ‘सेकंडहँड’ हे शब्द नवे नाहीत. इंग्लंडातही बाजार तसाच आहे, फक्त काउंटरवर चहा मिळत नाही. पहिली तऱ्हा गाडीच्या कंपनीच्या खोक्यातली, सर्वांत महाग. दुसरी, ज्या कारखान्याने मूळ भाग बनवला त्याच्याच स्वतःच्या खोक्यातली. माल बहुतेकदा तोच आणि किंमत कमी. प्लगच्या बाबतीत एनजीके किंवा डेन्सो घेणे म्हणजे हेच. तिसरी, कुणीतरी नकलेने बनवलेला माल. त्यात चांगलाही असतो आणि वाईटही. चौथी, भंगारात काढलेल्या गाडीतला जुना भाग. आम्ही नियम केला तो असा: जे रबराचे आहे, जे झिजण्यासाठीच बनले आहे आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवे आणि पहिल्या दोन तऱ्हांतलेच. जे नुसते लोखंड, काच किंवा शोभेचे प्लास्टिक आहे ते भंगारातले चालेल. एका दुकानातून आलेल्या क्लचच्या सिलिंडरवर नामांकित कंपनीचे नाव होते, पण छपाई पुसट आणि स्पेलिंग चुकलेले. तो बसवलाच नाही, परत पाठवला.

मग आला तिसरा रकाना. इथे पुतण्याचा मोबाइल आणि भाईंची वही समोरासमोर आली.

आधी १७ इंची चाके. या गाडीची मूळ चाके १४ इंची आणि हलकी आहेत. तीच तिची खरी श्रीमंती. मोठे चाक बहुधा जड असते, आणि त्यावर पातळ टायर बसतो. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की प्रत्येक खड्ड्याला चाक उडते, स्टीअरिंग जड होते आणि गाडी मंदावते. फोटो छान येतो. “म्हणजे पैसे देऊन गाडी बिघडवायची?” हा प्रश्न त्याने स्वतःच विचारला. आम्ही काही बोललो नाही.

उघडा एअर फिल्टर इंजिनजवळची गरम हवा ओढतो. गरम हवेत प्राणवायू विरळ, म्हणून ताकद वाढत नाही, आवाज तेवढा वाढतो. सायलेन्सरचे तर विचारूच नका. हा मुलगा रमजानमध्ये फजरला मशिदीत जातो. त्या वेळी गल्लीतली वृद्ध माणसे आणि तान्ही मुले झोपलेली असतात. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे त्याला आम्ही सांगायची गरज नव्हती. त्याने ती ओळ स्वतः खोडली.

सस्पेन्शनवर मात्र वाद झाला, कारण वहीच्या शेवटच्या पानावर, ‘घ्यायचे आहे’ या मथळ्याखाली, भाईंनीच लिहिले होते: ‘कडक स्प्रिंगा’. पुतण्या म्हणाला, “अब्बांनाही हवे होते!” वडिलांची इच्छा हा मोठा शब्द आहे. पण यादीतली ओळ म्हणजे वसीयत नव्हे. भाई हयात असते तर गाडी उंचावर घेऊन त्यांनी आधी खाली पाहिले असते, एवढे आम्ही त्यांना ओळखत होतो. या गाडीच्या चारही चाकांचा कल बोल्ट फिरवून जुळवता येतो, पण ते बोल्ट गंजून जाम होतात. मग चाके वाकडी धावतात आणि दोष स्प्रिंगांवर जातो. आम्ही सुचवले की बोल्ट सोडवून घे, फाटलेले रबरी बुश बदल, मूळ दर्जाचे नवे शॉक अब्सॉर्बर घाल, चाके जुळवून घे आणि महिनाभर चालव. त्यानंतरही कडक हवे वाटले तर घे. महिना झाला. अजून त्याने घेतलेले नाही.

त्याच पानावर दुसरी ओळ होती: ‘मोठे ब्रेक, बोनस आल्यावर’. इथे भाईंचे म्हणणे सोळा आणे खरे होते. याच गाडीचे १.८ लिटरचे मॉडेल नंतर आले. त्याच्या पुढच्या ब्रेकची तबकडी २५५ मिलिमीटरची आहे, भाईंच्या गाडीची २३५. मागची २५१ आणि २३१. मोठ्या गाडीचे हे ब्रेक थोड्या फेरफाराने छोट्या गाडीला बसतात, आणि १४ इंची चाकांतही मावतात, कारण १.८ च्या गाडीलाही तीच मापे होती. भंगारातून फक्त लोखंडी ब्रॅकेट आणली. तबकड्या आणि पॅड नवे घेतले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पुढचेच मोठे करून मागचे तसेच ठेवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. चारही एकदम करावेत, नाहीतर करूच नयेत. सीटमागे लोखंडी कमान बसवणेही असेच शहाणपणाचे. गाडी उलटली तर उघड्या गाडीत डोक्यावर कापडाशिवाय काही नसते. ते काम पुढच्या पगारांवर ठेवले आहे.

छोट्या स्टीअरिंगचा हट्ट त्याने सोडला. छताच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला चिरा पडल्या होत्या, आणि नवे छत काचेच्या खिडकीचे मिळते. ते घ्यायचे की मूळसारखेच प्लास्टिकचे? २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी कंपनीने जुने छत, लाकडी स्टीअरिंग, अगदी त्या काळचा टायरसुद्धा पुन्हा तयार करवून घेतला. मूळ रूपाची किंमत बनवणाऱ्यांनाही आहे, हे वाचून पुतण्या गप्प झाला. पण इथे आम्हीच काचेच्या बाजूने बोललो. पावसात मागचे स्पष्ट दिसणे ही चैन नव्हे. शेवटी त्याने काचेचे घेतले आणि जुने छत घडी करून जपून ठेवले. काढलेला प्रत्येक मूळ भाग ठेवावा, चिठ्ठी लावून. कधी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला पर्याय राहतो.

विम्याचा विषय निघाला तेव्हा त्याच्या एका मित्राने सल्ला दिला की ब्रेक बदलले हे विमा कंपनीला सांगू नकोस, हप्ता वाढेल. इंग्लंडात गाडीतला प्रत्येक फेरबदल कळवावा लागतो, आणि लपवला तर अपघातानंतर भरपाई नाकारली जाऊ शकते. पण भरपाई मिळाली असती तरी खोटे ते खोटेच. अठरा वर्षांच्या मुलाला स्पोर्ट्स कारचा विमा मुळातच जड जातो. त्याने सगळे कळवले, जास्तीचा हप्ता भरला, आणि म्हणून लोखंडी कमान दोन महिने पुढे गेली.

काटकसर म्हणजे स्वस्तातले घेणे असा आपल्याकडे समज असतो. या गाडीने आम्हाला तरी वेगळे दाखवले. अर्ध्या किमतीची बॅटरी ही उधळपट्टी होती आणि महाग सीटबेल्ट ही काटकसर. इसराफ केवढे पैसे गेले यावर ठरत नाही. ते कशासाठी आणि कुणाच्या हक्कातून गेले यावर ठरतो.

गेल्या महिन्यात गाडी एमओटी पास झाली. कागदावर एक सूचना आली: पुढच्या सबफ्रेमवर वरवरचा गंज, लक्ष ठेवा. पुतण्याने ती वडिलांच्या वहीत, शेवटच्या नोंदीखाली, इंग्रजीत उतरवली. त्या गंजाचा खर्च आता त्याचा आहे. कारभारी म्हणून आमचे गाडीचे खाते आम्ही बंद केले. सात वर्षांतला देखभालीचा प्रत्येक पौंड आणि त्याची पावती भाभींसमोर ठेवली, बेरीज दोनदा तपासली, तिघांनी सह्या केल्या. मुलीच्या ७०० पौंडांचे पान मात्र मिटलेले नाही. ती अठरा वर्षांची व्हायला अजून चार वर्षे आहेत, आणि तोवर ती वही आमच्याच कपाटात राहील.